माझी माहिती माझ्याच घरात

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नंतर चहा सांडेल. आणि हे बाहेर कुठे बोलू नका. अर्थात, देवगडात ही गोष्ट न ऐकलेलं आता राहिलंय तरी कोण म्हणा!

तर आमचा हापूसचा धंदा. हे बाग बघतात. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पॅकिंग आणि ट्रक सांभाळतात. ऑफिस माझ्याकडे. ऑफिस म्हणजे काय, पडवीला जाळी मारून केलेली खोली आणि त्यात एक संगणक. पण तो मी स्वतः शिकले, हो! पुस्तक मांडीवर घेऊन, एकेक बटण दाबत. सगळी गिऱ्हाइकं त्यात घातली. नाव, पत्ता, कुणाला किती डझन, कुठल्या दिवशी. आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मला रोजनिशी लिहायची जुनी सवय. माणसाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्या शेऱ्यांनीच पुढे माझा गळा धरला.

मोसमाच्या तोंडाला ओरोसहून एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ आले. शर्ट इस्त्रीचा, पण घामाने पाठीला चिकटलेला.

"मॅडम, आता क्लाऊडवर या. तुमची सगळी माहिती कंपनीच्या लांबच्या संगणकांवर राहील. लागेल तेव्हा इंटरनेटवरून मागवायची. उद्या तुमचं हे यंत्र जळलं तरी चिंता नाही. वर्षाला भाडं द्यायचं, बस!"

"म्हणजे माझी माहिती दुसऱ्याच्या घरात? आणि तिथे कुणी वाचत बसला तर?"

"कुलूपबंद असते, मॅडम."

"आणि इथे जरा वारा सुटला की इंटरनेट जातं. मग माहिती तिकडे आणि मी इकडे!"

भाऊजींनी मध्येच तोंड घातलं. "वयनी, मगे तुमचे दागिने बँकेच्या लॉकरात कित्याक?"

"दागिने काय रोज लागतत?" मी त्यांना गप्प केलं.

मग त्या गृहस्थांना कोकम सरबत देऊन मी असं काही ऐकवलं म्हणता! आपलं यंत्र, आपलं घर, आपली किल्ली. माझी माहिती या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही! बिचारे सरबत संपवून निघून गेले.

आता मी काही वेडी नाही. यंत्र बिघडू शकतं, हे मलाही कळतं. म्हणून मी एक हार्ड डिस्क आणली. तळहाताएवढी, काळी, चपटी. तिच्यात सगळ्याची नक्कल केली. पण ठेवायची कुठे? कपाटात? समुद्राच्या हवेने कपाटाच्या बिजागऱ्या खाल्ल्यात, डिस्क काय सोडणार! शिवाय धंद्यातली माणसं येऊन-जाऊन. आमची यादी कुणी पळवली तर?

मग मला सुचलं. आणि मला काही सुचलं की देवगडवर संकट येतं.

हापूससारखी नाजूक वस्तू आपण कशात ठेवतो? पेंढ्यात! मी एक पेटी घेतली. तळाला पेंढा, त्यात डिस्क, वर पुन्हा पेंढा. चोराला संशय येऊ नये म्हणून त्यावर आंब्यांचे दोन थर. झाकण ठोकलं आणि पेटी नेऊन ठेवली ती थेट पॅकिंगच्या खोलीतल्या गणपतीच्या तसबिरीपुढे. तिथल्या वस्तूला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. वर हळदकुंकू वाहिलं, हात जोडून गाऱ्हाणंही घातलं. "बा गणराया, ह्या पेटीक काय्येक होव नये रे म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. आली. गेली. आणि मग जी आली ती अशी आली, की संगणकातून करपलेल्या पापडाचा वास सुटला. विजेचा झटका अडवणारा डबा होता हो आमच्याकडे! पण त्याला मी मिक्सर जोडला होता.

तरी मी शांत. भाऊजी धावत आले, तर मी त्यांनाच धीर दिला. "घाबरू नका. माझी नक्कल आसा." आणि रुबाबात पॅकिंगच्या खोलीत गेले.

तसबीर होती. पेटी नव्हती.

"भाऊजी, देवासमोरची पेटी खंय गेली?"

"ती? ती काल ट्रकात पयली चढवलंय. पत्त्याची चिठ्ठी नव्हती, एक जास्तीची होती ती लावलंय."

"कोणाक विचारून?"

"विचारूचा काय त्यात? देवासमोर ठेवलेली पेटी ट्रकात पयली चढवची, ही पद्धत कोणी पाडली?"

कोणी पाडली? मीच. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच मोसमात. पण ती मोसमातल्या पहिल्या पेटीपुरती हो! हे मी भाऊजींना कधी सांगितलंच नव्हतं.

"आणि चिठ्ठी कोणाची लावलात?"

"ता कसा आठवतला? यादीत बघा."

यादीत! यादी पेटीत, पेटी मुंबईकडे, आणि पेटी कुणाकडे गेली ते यादीत! मी मटकन आंब्यांच्या राशीशेजारी बसले. खोलीभर काढून ठेवलेला माल, संध्याकाळी ट्रक सुटायचा, आणि आमच्याकडे एक पत्ता नाही. मोसमात एक दिवस माल चुकला की गिऱ्हाईक गेलं, आणि आंबा तर कुणासाठीच थांबत नाही. भाऊजी नुसते तसबिरीकडे बघत राहिले. ते जास्त लागलं.

दुपारी फोन वाजला. डोंबिवलीचे लिमये काका. जुनं गिऱ्हाईक.

"वहिनी, यंदा माल कसला हो पाठवलात? एक आंबा पार काळा निघाला."

दरवर्षीचंच! "काका, बदलून देऊ, पण आज जरा..."

"चपटा आहे. कडक तर असा! हिने परत पेंढ्यात घातलाय पिकायला. पण याच्या देठाला वायर कशी?"

"काका!" मी किंचाळले. "सुरी लावू नका त्याला!"

काकांकडे संगणक होता. त्यांनी डिस्क जोडली. "पासवर्ड काय?"

"नाही ठेवला."

"का हो?"

"घरातच राहणार होती ना!"

काका वाचू लागले. फोन मोठ्या आवाजात ठेवून भाऊजी पेट्यांवर पत्ते लिहू लागले. "आपटे, ठाणे... अरेच्चा, हा तर माझा साडू! मला म्हणतो, आंबे नाक्यावरून घेतो. आणि त्याला चार डझन? शेरा: 'बायको भली, हा स्वतः फोनवर ओरडतो.' वा वहिनी! अगदी बरोबर!"

"काका, शेरे नका वाचू."

"छे, छे! तेच तर वाचण्यासारखं आहे."

यादी पुढे सरकत होती. य झाला, र झाला.

"काका, पुढचं नाव सोडा. ते आजचं नाही."

"थांबा, हे तर माझंच! 'लिमये, डोंबिवली. दरवर्षी एक आंबा खराब निघाला म्हणतात. निघालेला नसतो. गोड बोलून पुढच्या वेळी एक जास्त घालावा.'"

भाऊजी वाशांकडे बघू लागले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, पण आमच्याकडची जमीन जांभ्याची. ती कुठली दुभंगायला!

"वहिनी," शेवटी काका म्हणाले, "निरीक्षण चांगलं आहे तुमचं. घ्या पुढचं. वागळे, पार्ले."

संध्याकाळी ट्रक भरून गेला. एक पेटी मागे राहिली नाही.

डिस्क मात्र काकांनी परत पाठवली नाही. "पुन्हा कुणी देवासमोर ठेवील. इथेच राहू दे." आता नवा संगणक आलाय, पण रोज संध्याकाळी मी यादी काकांकडे पाठवते. ते जपून ठेवतात. लागली की मागते. त्याबद्दल दर मोसमात त्यांना एक पेटी.

भाऊजी परवा पेटी ठोकता ठोकता म्हणाले, "वयनी, माहिती लांबच्या माणसाच्या संगणकार. मागली की गावता. वर्साक भाडा एक पेटी. तो ओरोसचो माणूस आणि काय येगळा सांगी होतो?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि काकांकडून यादी मागवली. लिमयांच्या नावापुढचा शेरा बदललेला होता: 'अत्यंत सज्जन. यांची तक्रार नेहमी खरी असते.'

आणि सगळ्यात खाली एक नवीन नाव. माझं.

'वहिनी, देवगड. आंबे उत्तम. यांच्या हातात पेटी एकटी सोडू नये.'