करंगळीतल्या मुंग्या

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. "बेसबॉलवाल्यांकडे काम केलंस ना, एखादा किस्सा सांग," असं कुणी म्हटलं की मी दुसरंच काहीतरी सांगायचो. यात माझी चूक आहे. आणि चुकीनंतर मी जे बोललो, ते चुकीपेक्षा वाईट आहे.

मी फिजिओ. पुण्यात फास्ट बोलरांचे खांदे आणि कंबरा सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली. मग ऑस्ट्रेलियात, ब्लॅकटाउनला, क्लिनिक चालवलं, आणि उतारवयात एका छोट्या बेसबॉल क्लबचं पार्ट-टाइम काम घेतलं. क्लबचं नाव देत नाही. दोष त्यांचा नव्हता.

महामारीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. क्लबने मातेओ नावाचा पिचर बोलावला होता. पिचर म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, अख्खा सामना ज्याच्या हातावर चालतो तो. हा सव्वीस वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकचा. अमेरिकेत खालच्या लीगमध्ये खेळायचा, ती बंद पडली म्हणून इकडे आला. आल्या आल्या चौदा दिवस हॉटेल क्वारंटाइन. खिडकी न उघडणारी खोली. गडी पलंगावरची गादी भिंतीला उभी करून तिच्यावर चेंडू फेकायचा.

मी रोज सकाळी त्याला व्हिडिओ कॉल करायचो आणि एक शीट भरायचो. ताप, झोप, किती चेंडू फेकले, कुठे काही त्रास.

नवव्या दिवशी तो म्हणाला, "डॉक, करंगळीला मुंग्या येतात. लिटल बिट. चेंडू फेकल्यावर."

"फोन हातात धरून झोपतोस ना?" मी हसलो. "खांदा कसा आहे? कंबर?"

"गुड, गुड."

त्रासाच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं.

आता वाचकांसाठी थोडं सांगतो. क्रिकेटचा बोलर हात सरळ ठेवून टाकतो. भार येतो खांद्यावर आणि कंबरेवर. पिचर कोपर वाकवून चाबकासारखा झटका देतो, त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. करंगळीकडे जाणारी नस त्याला अगदी चिकटून जाते. पिचरच्या करंगळीला मुंग्या आल्या की चेंडू काढून घ्यायचा, हे बेसबॉलमधला शिकाऊ फिजिओही सांगेल. मीही वाचलं होतं. पण समोर वेगाने फेकणारा माणूस दिसला की खांदा आणि कंबर विचारायची, ही तीस वर्षांची सवय.

दुसऱ्याच सामन्यात, तिसऱ्या इनिंगला, चेंडू फेकून मातेओ कोपर धरून खाली बसला. स्कॅनमध्ये लिगामेंट अर्धवट फाटलेलं दिसलं.

ग्रेग, आमचा कोच, माझ्याकडे आला. "डॉक, हा म्हणतो त्याने तुला आधी सांगितलं होतं. खरं का?"

मी म्हणालो, "शीट बघ. शीटवर काही नाही."

"फेअर इनफ, मेट," तो म्हणाला आणि गेला.

एवढंच. पण त्या दिवसापासून मातेओवर शिक्का बसला, हा दुखणं लपवतो. पिचरला याहून वाईट शिक्का नाही. असा माणूस ऐन सामन्यात केव्हा बसेल याचा भरवसा नसतो, म्हणून कोच त्याला हातच लावत नाहीत.

मातेओ मला म्हणाला, "सॉरी डॉक. माझं इंग्लिश बॅड. मी नीट सांगितलं नसेल."

मी त्याच्या पाठीवर थोपटलं.

सीझन संपला, घरी जायला विमान नाही. आमच्या मागच्या अंगणातला ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे एका खोलीचं वेगळं छोटं घर, रिकामा होता. माझी बायको सुनंदा म्हणाली, "राहू दे की त्याला इथे." तिला मी सगळं सांगितलं होतं. फक्त तिलाच.

आठ महिने मी त्याच्या हातावर काम केलं. पहिले तीन महिने चेंडू बंद. मग दहा मीटर, मग पंधरा, कुंपणाला बांधलेल्या जाळीवर. बाहेर लॉकडाउन, आत आमचा सराव. शेजारचा केव्ह कुंपणावरून ओरडायचा, "माझी आजी याहून जोरात फेकते, मेट!" मातेओ ओरडायचा, "मग तिलाच बोलाव!" दुपारी तो किचनच्या दारात उभा राहून म्हणायचा, "काकू, धिरडं? मोर ठेचा, प्लीज." त्याचा वेग थोडा कमी झाला होता, पण तो एक हळू चेंडू शिकला. हात तसाच फिरायचा, चेंडू मात्र उशिरा पोचायचा. ऑगस्टपर्यंत त्याच्यापुढे मी स्वतः बॅट घेऊन उभा राहिलो आणि दहातला एकही लागला नाही.

त्याचा व्हिडिओ ॲडलेडच्या एका क्लबला पाठवला. कोच खूश. "राज्यांच्या सीमा उघडल्या की ये," म्हणाला. दोन दिवसांनी मेसेज आला: सॉरी, आम्ही दुसरा कुणी बघतोय.

मातेओने फोन मला दाखवला. "ग्रेगला विचारलं असेल." तो पायरीवर बसला. "इट्स ओके, डॉक. फ्लाइट मिळाली की घरी जातो. मामाचं टायरचं दुकान आहे."

तो आत गेल्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, आता तरी बोलणार आहात का? की टायरच्या दुकानाला शुभेच्छा देऊ?"

मी ॲडलेडला फोन लावला. माझी ओळख सांगितली आणि म्हणालो, "त्याने लपवलं नव्हतं. नवव्या दिवशी मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही, आणि नंतर ग्रेगशी खोटं बोललो."

पलीकडून कोच म्हणाला, "म्हणजे करंगळीला मुंग्या आल्या तरी सांगणारा पिचर आहे हा?"

"हो."

"मला असाच हवाय. पाठव त्याला. पण हे त्याला मी सांगणार नाही, मेट. ते तुझं काम."

ग्रेगलाही तेच ईमेलने लिहिलं, सोबत राजीनामा. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: हे तेव्हाच बोलला असतास तर.

मातेओ ॲडलेडला दोन सीझन खेळला. कोपर टिकलं. आता घरी विंटर लीगमध्ये खेळतो आणि सकाळी तरुण पिचरांना शिकवतो. माझ्या धंद्यातल्या नव्या लोकांना एकच सांगणं आहे. पेशंट जे म्हणतो ते आधी लिहायचं, आपल्याला जे वाटतं ते नंतर.

त्याचं काम मार्गी लागलं, माझं राहिलं. ॲडलेडला निघाला तेव्हा विमानतळावर त्याने मला मिठी मारली. म्हणाला, "सगळे म्हणाले मी खोटारडा. तू एकदासुद्धा म्हणाला नाहीस, डॉक." मी तोंड उघडलं, आणि कोपराला बर्फ लावत जा, असं सांगितलं. पुढे फोनवरही तेच. तो कोपराचं सांगतो, मी ऐकतो. हे लिहायला बसलो तेही मराठीत, जे त्याला वाचता येत नाही.

त्याला सांगायचं होतं ते दोनच वाक्यांचं आहे. तू मला सांगितलं होतंस. आणि मला समजलं होतं.