अकरावं कलम

आमचे आबा पक्षाच्या तालुका शाखेचे चिटणीस होते. कागलच्या बाजूला आमचं गाव. तिथं चावडीपुढं उभं राहून ते समतेवर बोलायला लागले की माणसं जागची हलायची नाहीत. घरी आले की मात्र "आगं, पाणी आण" एवढंच बोलायचे. बाहेर बोलून बोलून समता दमत असणार, दुसरं काय!

मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते आणि सुट्टीला घरी आले होते. माझं अक्षर बरं, म्हणून पक्षाची सगळी लिखापढी माझ्या गळ्यात. निवडणूक आली तशी जाहीरनामा लिहायला कमिटी आमच्याच घरी, पुढच्या सोप्यात बसली. कोल्हापूरहून पुढारी आले होते, त्यांना सगळे भाई म्हणत. पाणी, वीज, उसाचा भाव असं करत दहा कलमं झाली.

आई चहा घेऊन आली. कपबशा ठेवून झाल्या तरी आत गेली नाही. उंबऱ्यापाशी थांबून मला म्हणाली, "आणि एक लिही. दूध संस्थेत धार काढणारणीचं नाव लागलं पायजे."

गावच्या दूध संस्थेचे सभासद झाडून सगळे पुरुष. शेण, वैरण, धार बायकांनी बघायची आणि सभेला जाऊन पुरुषांनी हात वर करायचे. आईला त्या सभेत बसायचं होतं. तिला ते फार लागून राहिलं होतं. म्हशीच्या पाठीवरून एकदाही हात न फिरवलेली माणसं पेंड कुठली आणायची ते ठरवतात, म्हणून ती चुलीपुढं बसून कितीदा तरी करवादायची.

मी लिहिलं अकरावं कलम. भाईंनी घसा साफ केला. "वहिनी, मागणी रास्त हाय. पर परिस्थिती अजून पिकल्याली न्हाय. सत्ता आली की बघू."

"तवर म्हस थांबंल व्हय?" आई म्हणाली.

कमिटी खो खो हसली. आबांचे कान लाल झाले. "खोड गं ते," ते माझ्यावर ओरडले. आणि मी खोडलं! कॉलेजच्या वादविवादात स्त्रीस्वातंत्र्यावर बक्षीस घेतलेली मी, एवढी घाबरले की कागद फाटेपर्यंत रेघोट्या मारल्या. आईला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं कुणालाही कळतं. तिनं रिकाम्या कपबशा उचलल्या आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती गारगोटीला भावाकडं निघाली. म्हशीपायी तिला माहेरी चार दिवस राहणं कधी जमलं नव्हतं. "परिस्थिती पिकली की येते," एवढं बोलून ती एसटीत बसली.

संध्याकाळी म्हशीनं आम्हाला इंगा दाखवला. मी बसले तर लाथ, आबा बसले तर शेपटीचा फटकारा. पान्हा म्हणून सोडेना. शेजारची म्हातारी कुडावरून म्हणाली, "मालकिणीचं लुगडं नेसून बसा की चिटणीस. तिला वासाची वळख लागती."

आबांनी रात्रभर मन घट्ट केलं असावं. सकाळी आईचं हिरवं लुगडं कसंतरी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन ते म्हशीखाली बसले. नेमके त्याच वेळी भाई जाहीरनामा न्यायला दारात! गोठ्यात पाठमोरी बाई बघून त्यांनी अदबीनं विचारलं, "वहिनी, चिटणीस हायेत का घरात?"

आबांनी पदर आणखी पुढं ओढला. मग लुगड्यातून आवाज आला, "मीच की."

भाई इतके हसले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. आबा मात्र हसले नाहीत. पदर मागं टाकून म्हणाले, "हसा. पर आदी हितं बसून धार काढून दावा. मग परिस्थितीचं बोलू."

भाई गडी खिलाडू. बाह्या सारून बसले, आणि पहिल्याच लाथेला शेणात आडवे झाले. धोतर झटकत मला म्हणाले, "पोरी, अकरावं कलम परत घाल."

कलम छापून आलं, शेवटी आणि बारीक अक्षरात. पक्ष पडला; त्याची आम्हाला सवय होती. पण आबांनी मग सत्तेची वाट बघितली नाही. संस्थेच्या सभेत उभे राहिले आणि "माझ्या जागी हिचं नाव लावा" म्हणून हटून बसले. चेअरमन म्हणाले, "सभासद घरचा कर्ता असतोय." आबा म्हणाले, "कर्ता कोण ते म्हशीला इचारा." सभेला हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच ठराव झाला.

ठराव झाल्याचं कळलं तशी आई गारगोटीहून परत आली आणि नोंद करायला मला बरोबर घेऊन गेली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं, "तुझं अक्षर चांगलं, तूच कर." आबांचं नाव खोडून त्याच्यावर आईचं लिहायचं होतं. मी टाक उचलला तसा आईनं माझा हात धरला.

"त्येंचं नाव हळू खोड गं," ती म्हणाली. "माझं खोडलंतंस तसं नगं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी एकच बारीक रेघ मारली.