उघडी राहिलेली फाईल

या सदरातले अनुभव मी आजवर कथा म्हणूनच वाचत आले. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, तेही सांगता येत नाही.

आमचं घर भोकरदनला, शिक्षक कॉलनीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आईने अंथरूण धरलं तेव्हा धाकट्या भावाने, मिलिंदने – तो संभाजीनगरला सॉफ्टवेअरमध्ये आहे – तिच्या खाटेशेजारच्या जुन्या कम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसवून दिला. तिचं बोलणं ध्वनिमुद्रित व्हायचं; रोजची वेगळी फाईल. आई गेली, आणि तो थांबवायचं कुणाला सुचलंच नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी मी ती खोली आवरत होते. फिनाईलचा वास, तळव्यांना ओल्या फरशीचा गारवा... त्याच ओघात कम्प्युटरवरच्या, नुसत्या आकड्यांची नावं असलेल्या फाईलीही पुसून टाकल्या. त्यांतच आईच्या शेवटच्या बोलण्याची फाईल होती, हे पुसल्यावर लक्षात आलं. उद्या सर्वांना तीच ऐकवायची होती.

मिलिंदला फोन केला.

"ताई, कम्प्युटर बंद करू नको, बिलकुल न्हाई. मी ते सी भाषेमधी लिव्हलंय. पायथन राह्यलं असतं तर काम झाल्याबराबर फाईल आपोआप बंद झाली असती. सी मधी ती आपणच बंद करावी लागती – अन् मी ती ओळ लिव्हलीच न्हाई. प्रोग्रॅमनं फाईल उघडी धरलीय तवर पुसलेलं बी डिस्कवर राहतं."

"म्हणजे तुझा आळस कामी आला."

"आई बी हेच म्हणली असती. आता सांगतो तसं टाईप कर, जल्दी."

तेवढ्यात वीज गेली. पंखा कुरकुरत मंदावला.

"गेलं रे सगळं," मी म्हणाले.

"प्रोग्रॅम बंद पडला म्हंजी फाईल बी गेली, ताई."

पाऊण तासाने वीज आली. प्रोग्रॅम मी पुन्हा सुरू केला नव्हता; तरीही मिलिंदने फोनवर सांगितलं तसं टाईप केल्यावर उघड्या फाईलींच्या यादीत ती होती. ती धरून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव जिथे दिसायला हवं, तिथे कोरी जागा.

"असं होतच न्हाई," मिलिंद पुटपुटला. त्याच्या सांगण्यावरून मी प्रत काढली आणि एकटीच ऐकली.

आई पाणी मागते. "मिल्या जेवला का?" विचारते. मग लांबलचक शांतता. आणि त्यानंतर पंख्याची कुरकुर, मंदावत जाणारी... आणि माझा आवाज – "गेलं रे सगळं." वीज नसतानाचा.

त्यापाठोपाठ, अगदी जवळून, आईचं "हं."

भीती वाटली नाही. रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी "मिल्या जेवला का" इथपर्यंतच ऐकवलं. मिलिंदने डोळे पुसत विचारलं, "एवढंच का, ताई?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, याचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.