दुर्बिणीचे चार स्क्रू

ते प्रकरण अजूनही माझ्या मनातून गेलेले नाही. मी मुरबाडला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. म्हशाच्या जत्रेचा बंदोबस्त नुकताच उतरला होता, माणसे दमलेली होती. सकाळीच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, वालाच्या शेतात एकाला गोळी लागलीय. चुलत भावानंच मारली. बांधाचं भांडण होतं त्यांचं."

आम्ही पोहोचलो तेव्हा जखमीला कल्याणच्या रुग्णालयात हलवले होते. गोळी पोटात होती. गोळी झाडणारा तिशीतला शेतकरी पाटलांच्या ओट्यावर मान खाली घालून बसला होता. जखमीला खांद्यावर घालून गावात त्यानेच आणले होते. पीक राखण्यासाठी त्याच्याकडे परवान्याची रायफल होती आणि तिच्यावर दुर्बीण. ती त्याच्या घरात भिंतीला टेकवलेली सापडली. पंचांसमोर उचलली, तर दुर्बीण डुगडुगली. चारही स्क्रू ढिले.

हवालदार हळूच म्हणाले, "आता हा म्हणणार, दुर्बीण हलली, नेम चुकला. सुटायची सोय करून ठेवलीय."

मलाही तसेच वाटले. ढिल्या दुर्बिणीने गोळी झाडली, तर धक्क्याने ती तिला धरणाऱ्या कड्यांत सरकते आणि तिच्या नळीवर ओरखडा उठतो. इथे ओरखडा नव्हता. म्हणजे स्क्रू गोळी सुटल्यानंतर फिरवले होते. जखमी दगावला, तर हा सरळ खुनाचा गुन्हा होणार होता.

ठाण्यात मी त्याला मुद्दाम वाट मोकळी करून दिली. "दुर्बीण ढिली होती का रे?"

"नाय साहेब."

"नीट आठव."

"मीच बसवलेली. एक स्क्रू जरा आवळायचा, मग तिरक्या समोरचा, असं फिरून फिरून. एकच एकदम कसला तर कडं वाकडं बसतं. जास्त कसला तर नळी चेपते. परवाच डब्यावर मारून बघितलं, नेम बरोबर होता. मी डुकरावर मारली. दादा मागं गवतात होता, दिसला नाय."

सुटण्याचा रस्ता समोर होता, पण तो त्यावर पाऊल टाकत नव्हता. मग स्क्रू कोणी फिरवले? स्क्रू फिरवायची चावी घरी फळीवरच्या डब्यात असते, असे त्याने सांगितले. मी पुन्हा गावात गेलो. डब्यात चावी नव्हती. चुलीपाशी जखमीची आई बसली होती, म्हणजे याची काकू. याची आई लहानपणीच गेली; दोन्ही पोरांना या बाईनेच वाढवले होते.

चावी विचारताच तिने कमरेची पिशवी सोडली आणि चावी काढून माझ्यापुढे ठेवली.

"मीच फिरवलं. हा कसत बसायचा तवा सांगायचा, ढिलं राहिलं तर गोळी भलतीकडं जाते. लोक बोलाय लागले, यानं मुद्दाम मारला, आता फाशी होईल. एक तिकडं मरणाला टेकलाय. दुसरा पण जाईल म्हणून केलं."

"काकू, त्यामुळंच तो खुनी ठरत होता," मी म्हणालो. तिने पदर तोंडाशी धरला.

जखमी शुद्धीवर येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. अखेर त्याने डॉक्टरांसमोर जबाब दिला. "मी डुकरं हाकलायला वाकून चाललेलो. त्याला सांगितलंच नव्हतं. त्याची चूक नाय."

निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, परवाना रद्द झाला. काकूचा जबाब मी जसाच्या तसा न्यायालयापुढे ठेवला. तिला समज देऊन सोडण्यात आले.

पुरावा खोटा निघाला की पोलीस आधी आरोपीकडे बघतात. मीही बघितले होते. त्यानंतर मात्र असा पुरावा हाती आला की तो कोणाच्या फायद्याचा, एवढे विचारून मी थांबलो नाही. कोणाच्या जिवासाठी कोण घाबरले होते, हेही विचारत गेलो.