शेठची दोन दुकानं

गल्लीत तिला सगळे फ्रेमवाली म्हणायचे. घरात ती धाकटी.

पूर्वी दुकान एकच होतं, दोन भावांचं. तिचा नवरा फोटोंना फ्रेमा करायचा, मोठे दीर आरसे बसवायचे, आणि दोघांची काच मधल्या लांब टेबलावर कापली जायची. नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, तेवढ्यात थोरल्या जावेनं दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालून घेतली. नवऱ्याला पोचवून धाकटी परत आली तेव्हा टेबल भिंतीपलीकडे गेलेलं होतं. पुढे दीरही गेले. एका छपराखाली दोन जावा उरल्या, आणि त्यांचा अबोला.

काच कापून आणायला धाकटीला दुसऱ्या गल्लीत जावं लागे. कापलेली काच उराशी धरून ती परत यायची, आणि पलीकडून तिच्याच टेबलावर काच कापायची हिरकणी फिरल्याचा आवाज यायचा: आधी लांब ओरखडा, मग काच सुटल्याचा टच. तो आवाज तिच्या दातांत जाऊन बसला होता. खिळे ठोकताना ती सूड घोळवत असे, दुसरी एखादी बाई गाणं घोळवेल तसा. रात्रीत आत शिरावं आणि आरशांच्या पाठी खिळ्यानं ओरबाडाव्यात. उजाडलं की जो कोणी तोंड बघेल त्याच्या तोंडावर ओरखडा.

भिंतीखाली एक फट राहिली होती. तिच्यातून एकच जण ये-जा करायचा, एक करडा बोका. धाकटी त्याला शेठ म्हणायची, कारण तो दोन्ही दुकानांत वसुलीला आल्यासारखा यायचा. थोरली त्याला बाळ्या म्हणायची. भिंतीपलीकडून ‘बाळ्या, ये रे’ ऐकू आलं की धाकटीचा खिळा हमखास वाकडा जायचा. पण दुपारी तो तिच्याच मांडीवर झोपायचा. सगळं गेलं, एवढा एक आपल्याकडे अर्धा तरी राहिला, असं तिला वाटे.

मग शेठनं तिच्या बशीला तोंड लावणं सोडलं. यायचा, हुंगायचा, ओठ चाटायचा आणि पाठ फिरवायचा.

“फितूर झालास होय रे?” धाकटी म्हणाली. “जा, तिकडचं गोड लागतंय ना, जा.”

पुढे त्यानं कोपऱ्यात पिवळं पाणी ओकलं. “तिकडे चरायचं आणि इकडे ओकायचं!” असं म्हणून तिनं बशी उचलून ठेवली. आपण होऊन परत येईपर्यंत घालायचं नाही, असं तिनं ठरवलं. हा राग शेठवरचा नव्हताच. तो भिंतीपलीकडे जायचा होता, वाटेत शेठ आला एवढंच.

एके सकाळी तो फोटोभोवती लावायच्या पांढऱ्याशुभ्र माउंटबोर्डावर येऊन आडवा झाला. त्याला उठवायला तिनं हात घातला तर हाताला हाडं लागली. उन्हाची तिरीप त्याच्या कानातून आरपार आली होती, आणि कान आतून पिवळा होता. ओठ वर करून बघितलं. हिरड्या पिवळ्या. डोळ्यांचं पांढरंही पिवळं.

तिच्या डोक्यात एकच शब्द आला. विष.

हाताशी हातोडी होती, ती तिनं उचलली. रस्त्यावरून वळसा घालून ती थोरलीच्या दुकानात शिरली, आणि दारातला पुरुषभर उंचीचा आरसा तिनं एका घावात खाली आणला.

“काय घातलंस त्याला?” आयुष्यात पहिल्यांदाच ती जावेला ‘तू’ म्हणाली. “माझा माणूस मरत होता तेव्हा टेबल उचललंस. आता मुक्या जिवावर उठलीस?”

काचांच्या पलीकडे थोरली हिरकणी हातात घेऊन उभी होती. तिनं आरशाकडे बघितलंही नाही. “बाळ्याला काय झालं?”

“पिवळा पडलाय. तुझ्यामुळे!”

थोरलीनं वाकून टेबलाखालची वाटी काढली. दुधावर कातड्यासारखी साय धरली होती. “हे बघ. रोज ठेवते, रोज फेकते. मला वाटलं, तू मुद्दाम कोंबून पाठवतेस. माझ्या हातचं त्यानं खाऊ नये म्हणून.”

दोघी त्या वाटीकडे बघत राहिल्या. पायाखाली आरशाच्या तुकड्यांतून दोघी होत्या, प्रत्येक तुकड्यात थोड्या थोड्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाकटी त्याला फ्रेमांच्या खोक्यात घालून घेऊन गेली. दहा पावलं मागून थोरली आली.

“नाव काय याचं?”

“शेठ.”

“बाळ्या.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “शेवटचं कधी खाल्लं यानं?”

“यांना विचारा,” धाकटी म्हणाली.

“हिला विचारा,” थोरली म्हणाली.

“म्हणजे कुणालाच ठाऊक नाही.”

रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी झाली. मग बाईंनी समजावून सांगितलं. विषाची काही खूण नव्हती. यकृताला आणि पित्ताच्या नळीला सूज आली होती. आतड्यातले जंतू कधी कधी त्या नळीतून उलटे वर चढतात, पित्त तुंबतं आणि अंगात उतरतं, म्हणून हा पिवळेपणा. अँटिबायोटिक, उलटी थांबवायचं औषध, सलाईन, हे करता येईल. “पण मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते. ते दुसरंच दुखणं. याचं तेही सुरू झालंय. आजार तुम्ही कुणी दिला नाहीत. तो इतका वाढला तो उपाशी राहिल्यानं.”

धाकटीला आपण उचलून ठेवलेली बशी आठवली. तिनं मान वर केली, तर थोरली तिच्याचकडे बघत होती. धाकटीच्या तोंडावर सगळं लिहिलेलंच होतं; हा घाव तिनं घालायला हवा होता. तिनं नुसता शेठच्या पाठीवर हात ठेवला, आणि धाकटीला ते जास्त लागलं.

मानेतून अन्ननलिकेत बारीक नळी बसवून काही दिवसांनी शेठला घरी सोडलं.

“माझ्याकडे राहील,” थोरली म्हणाली. “माझ्या टेबलाखाली जन्मलाय तो.”

“टेबल कुणाचं ते आधी बोला, जाऊबाई!” धाकटीनं खोकं उचललं. दुकानात आल्या आल्या तिनं फटीवर पट्टी ठेवली आणि चार स्क्रू पिळले. आरसा तर रागात फुटला होता, हे तिनं शांत डोक्यानं केलं. सूड म्हणावा असा तिच्या हातून हा पहिलाच झाला.

ती नळीतून पातळ खाणं देई, औषध देई. शेठचा पिवळेपणा उतरत चालला. पलीकडे हिरकणी थांबली होती. कुणीतरी प्लायला कान लावून बसलंय, हे धाकटीला कळायचं. मग ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, “आलं का माझं सोनं ते? झोपतंय का माझ्या मांडीवर?”

पण सोनं तोंडानं काही खाईना. ते दिवसभर पट्टीकडे तोंड करून बसे.

“नळी आयुष्यभर ठेवता येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याला आवडायचं ते दाखवा. एकदा आपण होऊन खायला लागला की सुटला. नाही लागला, तर माझ्याही हातात फारसं काही नाही.”

धाकटीनं मासा दाखवला, अंडं दाखवलं, दूध दाखवलं. त्यानं तोंड फिरवलं. टेबलाखाली त्याला काय मिळायचं, ते एकीलाच ठाऊक होतं. त्या दुपारी धाकटी स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीपाशी बसली. पहिला स्क्रू फिरवताना थोरलीच्या सात पिढ्या उद्धरल्या, दुसऱ्याला स्वतःच्या. पट्टी निघाली. शेठ नळीसकट पलीकडे गेला, मागे वळून न बघता.

बराच वेळ काही नाही. मग चाटल्याचा आवाज आला. खरखरीत, भुकेला, बशी सरकवणारा.

धाकटीनं डोळे मिटले. आपल्याकडे नाही, तिकडे खाल्लंच शेवटी.

“काय घातलंत?” ती भिंतीला म्हणाली.

“तुला काय करायचंय?”

“डॉक्टरांना सांगायचंय.”

पलीकडून उत्तर आलं. “उकडलेल्या माशाचं कोमट पाणी. बिनमिठाचं.”

“किती खाल्लं?”

“तुझ्याकडे सात जन्मांत खाणार नाही तेवढं.”

“खाऊ दे. ते टेबल मी एक दिवस तुमच्या डोळ्यांदेखत उचलून आणणार आहे.”

“ये तर खरं. येताना आरसा घेऊन ये.”

चाटणं चालूच होतं. धाकटीनं चारही स्क्रू रुमालात बांधून गल्ल्यात टाकले, शेठ ठणठणीत होईपर्यंत. पलीकडे, कितीतरी दिवसांनी, काचेवर हिरकणी फिरली. धाकटीनं दात आवळले आणि शेठच्या संध्याकाळच्या गोळ्या काढून ठेवल्या.