सतरा सुतळ्या

सहा वर्षांपूर्वी सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमध्ये बातमी फुटली, की आठव्या मजल्यावरच्या प्रेमलाताई करणी करतात. पुरावा उघड्यावर टांगलेला होता. कपडे वाळत घालायच्या बांबूवर सतरा सुतळ्या लोंबत होत्या, प्रत्येकीला दोन गाठी आणि नावाची चिठ्ठी. शेजारच्या चिनी आंटीने लिफ्टमध्ये मला हळूच विचारलं, "चार्म, आह?" मी गंभीरपणे मान हलवली.

बातमी मीच पसरवली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. घरात बुद्धमूर्ती, आणि दृष्ट लागली म्हणणाऱ्याला चहासुद्धा न विचारणारी ही बाई! तिने मला दारातच गाठलं.

"प्रताप, मापं आहेत ती पोरांची. पहिल्या गाठीपर्यंत हात, दुसरीपर्यंत छाती. आता जा, हेही सांग सगळ्यांना."

पोरं होती बाडमेरच्या पुढे, वाळवंटातल्या एका गावी. आईबाप नसलेली सतरा मुलं राणीबाई नावाची मास्तरीण सांभाळायची. लग्नानंतर ताईंची दोन वर्षं त्याच गावात गेलेली. यजमान धम्मानंद तिथे बोअर खणायच्या कामावर होते. वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं. ताईंना आठवायची ती पौषातली सकाळ, हंड्यातल्या पाण्यावर धरलेला बर्फाचा पापुद्रा आणि काखेत हात खुपसून रांगेत उभी असलेली पोरं.

म्हणून त्यांना संस्था काढायची होती. दर थंडीला प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचा नवा स्वेटर, बस्स. नोंदणीला दहा सभासद हवेत. ताईंकडे होते पाच.

एका रविवारी बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतून ताईंच्या ओळखीची कादंबरी आली, चार मैत्रिणी आणि बारा खोकी घेऊन. खोक्यांत जुने स्वेटर.

"ताई, सगळे ब्रँडेड आहेत हं. माझ्या श्रियाने जपानच्या ट्रिपला एकदाच घातलेत."

"छान आहेत. पण नकोत."

"अहो, पण आम्ही पाचही जणी सह्या करतोय ना!"

"सह्या करा की. खोकी न्या."

दोन्ही गेलं, सह्या आणि खोकी. मी वैतागलो. "ताई, दारात आलेले पाच सभासद घालवलेत! यंदाची थंडी पोरांनी तुमच्या हट्टावर काढायची का?"

ताई सुतळ्या गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "आईवडील गेल्यावर मला हॉस्टेलात ठेवलं. तिथे दानातला स्वेटर मिळाला. कॉलरला आतून नाव शिवलेलं, संजीवनी. ती संजीवनी माझ्याच वर्गात निघाली. वर्षभर पोरी मला 'संजीवनीचा स्वेटर' म्हणून हाक मारायच्या. उबदार होता हो, खोटं कशाला बोलू."

उरलेल्या सुतळ्या मी स्वतः गुंडाळल्या. ब्लॉकच्या इतिहासात पहिल्यांदाच.

मग जी जीभ करणी पसरवत फिरली होती, तीच घेऊन मजले चढलो. आठवड्यात चौघं मिळाले. चिनी आंटीला तो चार्म नाही, हे कळल्यावर जरा वाईटच वाटलं, पण "निटिंग? आय कॅन, लाह!" म्हणत तिने सही ठोकली. दहावा मी. सही केल्यावर कळलं, सभासदाने विणायचंही असतं!

काय संध्याकाळी होत्या त्या! ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, बत्तीस डिग्रीत, मांडीवर लोकर घेऊन घामाने थबथबलेले दहा जण. आंटी टाके चिनीत मोजायची, ताई मराठीत, आणि मधे बसून मी दोन्हींत चुकायचो. महिनाभराने कादंबरीही परत आली. खोकी नव्हती, पर्समधून सुया डोकावत होत्या. माझ्या पहिल्या स्वेटरची एक बाही वीतभर लांब झाली. ताईंनी ती निमूटपणे उसवली आणि पुन्हा माझ्याच हातात दिली.

डिसेंबरात राणीबाईंनी फोटो पाठवला. सतरा पोरं ओळीने उभी, आणि प्रत्येकाने कॉलर उलटी करून आत विणलेलं स्वतःचं नाव कॅमेऱ्यासमोर धरलेलं.

आता आंटी लेकीकडे राहायला गेली. तिची खुर्ची आम्ही अजून हलवलेली नाही. परवा यंदाच्या सुतळ्या आल्या, नावं बहुतेक तीच, गाठी मात्र लांब सरकलेल्या. मला राहवेना.

"ताई, मागचे सगळे स्वेटर आखूड झाले. ही कार्टी दरवर्षी वाढतच राहणार. कुठवर पुरे पडायचं आपण?"

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुझा पोरगा आर्यन वाढत होता, तेव्हा त्याला थांब म्हणाला होतास का? सुई धर."