दीड मिलिमीटरची शीर

ओपीडी संपली की मी तपासणीच्या कॉटवर वीस मिनिटं आडवी होते. आज चार वाजता अक्काताई चौगुल्यांच्या पायातली बंद झालेली रक्तवाहिनी फुगा घालून उघडायची आहे. अंगठा काळा पडलाय. त्यांच्याच पायाची चांगली शीर मिळाली असती तर बायपास केला असता; तो जास्त टिकतो हे अभ्यासांनी दाखवलंय. पण त्याला निदान तीन मिलिमीटरची शीर लागते, आणि रिपोर्टात ती बारीक आहे, एक पॉइंट आठ. डोळे जड होतात. पंख्याचा आवाज वाढत जातो, आणि तो पंख्याचा नाहीच, यंत्रमागांचा आहे.

मी कॉटसकट इचलकरंजीच्या एका शेडमध्ये आहे. मागापाशी बाळगोंडा मगदूम उभे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायात मी असाच फुगा घातला होता. तीन महिन्यांत रक्तवाहिनी पुन्हा बंद झाली, पाय काढावा लागला, आणि दिवाळीच्या आत ते गेले.

"काय वो मॅडम, निजलासा?"

"पाय कसा आहे?" मी विचारते आणि जीभ चावते.

"दोन्ही हाईत," ते हसतात. "हिकडं परत देत्यात."

मी त्यांना सांगते, सगळं नियमाला धरूनच झालं होतं. तुमची शीर दीड मिलिमीटर होती, तेवढ्या बारीक शिरेने बायपास करत नाहीत. तुम्ही गेल्यावर डॉक्टरांची मीटिंग झाली, तिच्यात मला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तुझं काही चुकलं नाही म्हणतात आणि चहाला निघून जातात, मी मात्र दोन वर्षं एकटीच हे घेऊन बसलेय.

"मोजली कशी?" ते विचारतात.

भिंती पांढऱ्या आहेत, एसी घुमतोय. ही सोनोग्राफीची खोली. बाळगोंडा उघड्या पायांनी आडवे पडलेत, कुडकुडतायत.

"अशी निजवून मोजली. गारठ्यात शीर आकसणारच की. तीस वर्सं मागावर हुभा ऱ्हायलोय मी. सांजच्याला शिरा दोरीवानी फुगायच्या."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कागद बघत हुतासा."

अभ्यास चुकले नव्हते. त्यांच्याशी ताडून पाहिलेला आकडाच चुकीचा होता, आणि तो मी स्वतः मोजला नव्हता. मला रडू येतं.

"पाय खाली सोडा," ते म्हणतात. मी सोडते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ते माझी शीर बोटाने चाचपतात, मग तिच्यावरून सावकाश रेघ ओढतात. "ही बगा. हाय का न्हाई?"

"जरा थांबा ना," मी म्हणते. माग बंद पडतात.

जाग येते. डावा पाय कॉटवरून खाली लोंबतोय. नडगीच्या आतल्या बाजूला लांबच लांब जांभळी रेघ आहे, ऑपरेशनआधी आम्ही शीर आखतो त्या पेनाची. ते पेन थिएटरच्या कपाटात असतं. मी स्पिरिटने घासते. जात नाही.

दारात सिस्टर येते. "मॅडम, आजींना आत घेतलंय. फुग्याचं पाकीट फोडू?"

"नको. त्यांना सोनोग्राफीत न्या. एसी बंद करा, पांघरूण द्या, आणि पाय खाली सोडून बसवा. मी येतेय."

या वेळी मी स्वतः मोजते. तीनच्या जरा वर.

"आधी तर एक पॉइंट आठ होती ना?" सिस्टर विचारते.

"मोजताना चुकलं होतं," मी म्हणते आणि सलवारीची कड घोट्यापर्यंत खाली ओढून घेते.